आठ टक्के रेट कमी करा म्हणणाऱ्या पार्टीला काय उत्तर द्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या उद्यमबागेत शॉप, दोन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ) आणि एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन). कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका पंपवाल्या पार्टीचा कास्ट आयर्नचा फ्लँज (पंपाला जोडायची गोल चकती) तुम्ही नगाला ४६ रुपयांनी करून देता, कास्टिंग त्यांचं, महिन्याला साधारण १२०० नग. आता पार्टी म्हणते ८ टक्के कमी करा, बेळगावजवळच्या मच्छेतला एक जण ४२ ला तयार आहे. वडील म्हणतात, मशीनचं कर्ज फिटलंय, रिकामं ठेवण्यापेक्षा मिळेल त्या रेटनं घे. पार्टीच्या पर्चेसचा (खरेदी खात्याचा) माणूस वरती २ टक्के ‘आमचं पण बघा’ म्हणतोय. त्यात दोन वर्षांत तीन ऑपरेटर गेले. रेट द्यावा की पार्टी सोडावी?

एवढं सगळं लिहिलंत, पण ४६ मध्ये तुमच्या हातात काय राहतं ते कुठंच लिहिलेलं नाही. ते माहीत नसताना ४२ जास्त की कमी, हे ठरणार कसं? तुमची रेट काढायची पद्धत मात्र दिली आहे: तासाला ४०० रुपये, सायकल टाइम (एका नगाला मशीन चालण्याचा वेळ) ६ मिनिटं, म्हणजे ४० रुपये, त्यावर १५ टक्के नफा, झाले ४६. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात कितीतरी शॉपमध्ये रेट असाच निघतो. त्यातला ४०० चा आकडा शेजाऱ्याकडून आलेला असतो आणि ६ मिनिटांचा मशीनच्या स्क्रीनवरून. दोन्ही तुमचे नाहीत.

आधी तासाचा रेट काढू. खालचे आकडे तुमच्याएवढ्या शॉपसाठी अंदाजानं धरलेत. त्यांच्या जागी आपली बिलं घाला, रीत तीच राहील. एका टर्निंग मशीनचा महिन्याचा खर्च असा धरा. मशीन २४ लाखांचं, ८ वर्षांनी ४ लाखांना जाईल, म्हणजे झीज महिन्याला सुमारे २१ हजार. अडकलेल्या पैशांचं व्याज १२ हजार. मिळून ३३ हजार. दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर, ओव्हरटाइम, बोनस, रजा आणि लागू असेल तर पीएफ-ईएसआय धरून ४६ हजार. शेडचं भाडं, इन्स्पेक्शनचा माणूस, अकाउंट्स, फोन, चहा आणि तुमचा स्वतःचा ४५ हजार पगार, हे सगळं तीन मशीनवर वाटून एकावर ३९ हजार. कूलंट, ऑइल, जॉ (चकचे जबडे), रिपेअरीसाठी बाजूला ठेवायचे पैसे, मिळून ९ हजार. बेरीज १ लाख २७ हजार. वीज वेगळी: कॉम्प्रेसरचा वाटा धरून तासाला ६ युनिट, युनिटला ८ रुपये पडतात असं धरलं तर ४८ रुपये.

आता भागायचं कितीनं? कागदावर २६ दिवस, १६ तास, म्हणजे ४१६. या आकड्यानं भागलं तर तासाला साधारण ३५३ रुपये येतात, आणि ४०० चा रेट छान वाटतो. पण ४१६ तास मशीन कोणाचं चालतं? कास्टिंग आलेलं नसतं, लाईट जाते, स्पिंडलचा आवाज येतो म्हणून अर्धा दिवस उघडून बसावं लागतं. खानापूर आणि चंदगडकडची पोरं आषाढात भात लावणीला गावी जातात, गणपतीत जातात, सुगीला जातात. ती जाणारच, दरवर्षी त्याचं आश्चर्य वाटण्यापेक्षा हिशेबात धरलेलं बरं. वीस टक्के गेले असं समजून ३३० तास धरा. १ लाख २७ हजार भागिले ३३० म्हणजे ३८५, अधिक वीज ४८. तासाला ४३३. मशीन तेच, माणसं तीच, फक्त भागाकार खरा केला तर ऐंशी रुपये वाढले.

मग मिनिटं. फ्लँजची सायकल दोन्ही बाजू मिळून ६ मिनिटं आहे, मान्य. पण कास्टिंग उचलणं, हवा मारणं, चकमध्ये नीट बसवणं, बोअरला (मधल्या भोकाला) प्लग गेज घालून बघणं याला दोन्ही बाजूंचं मिळून एक मिनिट जातं. इन्सर्टचा (टूलवरच्या कापणाऱ्या तुकड्याचा) कोपरा फिरवून ऑफसेट घेणं (मशीनमधलं टूलचं माप दुरुस्त करणं) नगामागे ६ सेकंद. ३०० च्या बॅचला दोन्ही सेटिंगचे (मशीनच्या जुळणीचे) दोन तास, म्हणजे नगाला आणखी २४ सेकंद. एकूण साडेसात मिनिटं, तासाला ८ नग. दुपारच्या चहानंतर स्टॉपवॉच घेऊन सलग वीस नग मोजा. सकाळी पहिल्या तासात मोजू नका. थंडीत मशीन तापेपर्यंत ऑपरेटर जास्त वेळा गेज लावतो, तो वेळ नेहमीचा नसतो.

साडेसात मिनिटांचे ५४ रुपये. इन्सर्ट: चार कोपऱ्यांची सीएनएमजी जातीची इन्सर्ट २६० ला धरली तर कोपरा ६५ रुपये, साठ नग निघाले तर नगाला १ रुपया १० पैसे, दोन टूलचे मिळून २.२०. रिजेक्शनसाठी एक रुपया. पुरी किंमत ५७ रुपयांच्या आसपास. आणि तुम्ही घेताय ४६.

‘मग शॉप इतकी वर्षं चाललं कसं?’ असं वडील विचारतील, आणि ते बरोबरच विचारतील. चाललं, कारण ४३३ मधले १०० रुपये मशीनची झीज आणि व्याजाचे आहेत, ४५ तुमच्या पगाराचे. हे १४५ दर महिन्याला कोणी दारात येऊन मागत नाही. ते सोडले तर नगाला खिशातून जाणारा खर्च ३९ रुपये. ४६ घेतले की ७ रुपये उरलेले दिसतात आणि धंदा बरा वाटतो. पण ते सात रुपये म्हणजे मशीनच तुम्ही थोडंथोडं विकून खाताय. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तशातला प्रकार. कर्ज फिटलं म्हणून रेट खाली आणायची वडिलांची सूचना इथंच फसते. कर्ज बँकेचं फिटलं, झीज थांबलेली नाही. उलट आता कुठे पुढच्या मशीनचे पैसे बाजूला पडायला सुरुवात व्हायला हवी.

हेच ७ रुपये समोर ठेवून ८ टक्क्यांकडे बघा. ४६ चे ८ टक्के म्हणजे ३ रुपये ६८ पैसे. ऐकायला किरकोळ. पण ते ४६ मधून जात नाहीत, सातातून जातात. उरतात सव्वातीन. पार्टीच्या दृष्टीनं आठ टक्के, तुमच्या दृष्टीनं निम्म्याहून जास्त.

आता ‘मशीन रिकामं ठेवू नये’ या शहाणपणाबद्दल. ते खोटं नाही, अर्धं आहे. मशीन खरोखर उभं असेल तर ऑपरेटरचा पगार, भाडं, झीज हे सगळं तसंही जाणार. त्या वेळी एक नग जास्त काढायला खरा वाढीव खर्च येतो फक्त वीज ६ रुपये आणि इन्सर्ट-रिजेक्शनचे ३.२०, मिळून ९ रुपये २० पैसे. मग ४२ रुपयेसुद्धा सोडू नयेत. पण त्याला तीन अटी आहेत. ते तास खरंच रिकामे हवेत. काम ठरावीक मुदतीचं हवं, ‘या दोन महिन्यांत एवढे नग’ असं लिहून. आणि तो रेट तुमच्या कायमच्या कामांपर्यंत पोचता कामा नये. तिसरी अट बहुतेक वेळा मोडते. एकाच पार्टीला एका भागासाठी रिकाम्या तासांचा रेट दिला की तोच पुढच्या वर्षीचा मूळ रेट होतो आणि त्यावर पुन्हा आठ टक्के मागितले जातात.

मशीन भरलेलं असेल तर हिशेब वेगळा. तिथं नगाचा नफा बघायचाच नाही, मशीनचा एक तास कोण किती देतं ते बघायचं. फ्लँज: ४६ वजा ९.२०, गुणिले ८, तासाला २९४ रुपये. ४२.३० घेतले तर २६५. समजा दुसरीकडून हायड्रॉलिक सिलिंडरच्या ग्लँडचं काम येतंय, ईएन-८ पोलादाचं, नगाला ८५ रुपये, सगळं धरून ११ मिनिटं, वीज-इन्सर्ट-रिजेक्शन २१ रुपये. तर तासाला ३५० च्या जवळ. नगाच्या टक्क्यांत बघितलं तर फ्लँज जास्त किफायतशीर दिसतो: ४६ मधले ३७ म्हणजे ८० टक्के, ग्लँडचे ८५ मधले ६४ म्हणजे ७५ टक्के. तासावर बघितलं तर ग्लँड पुढं जातं. तुमची सगळी कामं अशी तासाप्रमाणे एका कागदावर उतरवा. सगळ्यात खालची दोन कामं कोणती हे बघून बहुतेकांना धक्का बसतो, कारण ती सहसा ‘आपली जुनी पार्टी’ असते.

इथवरचं एका ओळीत: तुम्ही तास विकता, पुऱ्या किमतीत ५७ चा नग ४६ ला देता, आणि रिकाम्या तासांचा रेट भरलेल्या तासांना लावायचा नाही.

पण पार्टीला जाऊन ‘आमचा खर्च ५७ आहे’ सांगून काही होणार नाही. तुमचा खर्च ही त्यांची अडचण नाही. त्यांना तो फ्लँज केवढ्याला पडतो ते बघायला हवं. कास्टिंग समजा २५० रुपयांचं. ४२ वाल्याकडे पन्नासात एक नग मशिनिंगमध्ये गेला तर नगामागे ५ रुपये कास्टिंगचेच गेले, वाचवलेल्या ४ रुपयांपेक्षा जास्त. डेबिट नोट काढून (बिलातून नुकसान कापून) ते त्याच्याकडून वसूल केले तर तो वर्षभरात हात वर करतो आणि पार्टीला पुन्हा नवा माणूस, नवं सेटिंग, नवे सॅम्पल. म्हणून विचारा स्वतःला: गेल्या बारा महिन्यांत तुमचं एमआर (मशिनिंगमुळे गेलेले नग) किती टक्के, सीआर (कास्टिंगच्या दोषानं गेलेले) किती, किती वेळा माल उशिरा गेला? हे लिहिलेलं असेल तर तो कागद रेटपेक्षा मोठा. लिहिलेलं नसेल तर ‘आमची क्वालिटी चांगली आहे’ हे वाक्य मच्छेतला माणूसही म्हणतोय, तुमच्यात आणि त्याच्यात पार्टीला फरक दिसायचा कशावरून?

आणि हेही खरं की काही भागांना या सगळ्याची किंमत नसते. बोअरला टॉलरन्स (मापातली सूट) सैल, फिटिंगमध्ये चालून जातंय, अशा भागात जो स्वस्त तोच बरा. तुमच्या फ्लँजचा बोअर ४० मिलिमीटर एच-७ असेल, म्हणजे वरती फक्त २५ मायक्रॉनची सूट, तर बोलायला जागा आहे. साधा क्लिअरन्सचा बोअर असेल तर ४२ वाला जिंकेल आणि जिंकू दे.

रेट कमी करायचाच तर त्याच्या बदल्यात काहीतरी घेऊन करा. फुकट दिलेली सूट ही पार्टीच्या मनात ‘म्हणजे आधी जास्त घेत होता’ एवढंच ठसवते. तुमच्या केसमध्ये तीन गोष्टी मागण्यासारख्या आहेत.

सगळ्यात मोठी कास्टिंगमध्ये लपलेली आहे. फेसवर आणि बाहेरून ४ मिलिमीटर जादा मटेरियल (अलाउन्स) ठेवलेलं असतं, कारण पॅटर्न (साचा करायचा नमुना) जुना आणि फाउंड्रीला काळजी. तेच अडीचवर आणलं तर एक रफ पास (जाड कापाची फेरी) कमी होतो, चाळीस सेकंद वाचतात, म्हणजे ४ रुपये ८० पैसे. पार्टीनं मागितलेल्या सवलतीपेक्षा जास्त पैसे पॅटर्नच्या दीड मिलिमीटरमध्ये पडून आहेत आणि पर्चेसच्या माणसाला ते दिसत नाहीत, कारण तो तुमच्याशी टक्क्यांत बोलतो. हे बोलणं त्यांच्या डिझाइन किंवा क्वालिटीच्या माणसाबरोबर, नग हातात घेऊन करा. एक कच्चं आणि एक तयार नग तोलून न्या. २.९ किलोचं २.३ झालं तर ६०० ग्रॅम चिप्स, ३०० च्या बॅचला १८० किलो. त्या चिप्स कोणाच्या, हेही त्याच बैठकीत लेखी करा. जॉबवर्कमध्ये मुळात त्या माल देणाऱ्याच्या, तोंडी समजुतीवर तुमच्या आवारात पडलेल्या असतात. आणि फार पातळ मागू नका: अडीचच्या खाली गेलं की वाळूची कातडी निघत नाही, कडेचा टणक भाग राहतो आणि साठ नगांचा कोपरा पस्तिसातच जातो.

दुसरी बॅच. ३०० ऐवजी ६०० एकदम दिले तर सेटिंगचे १ रुपया ४० पैसे वाचतात. सीमेपलीकडच्या पार्टीला याचं आणखी एक कारण आहे. जॉबवर्कसाठी माल एका राज्यातल्या पार्टीकडून दुसऱ्या राज्यातल्या शॉपकडे जाताना किंमत कितीही असो, ई-वे बिल (मालवाहतुकीची जीएसटीची ऑनलाइन नोंद) लागतं. कर्नाटकातल्या कर्नाटकात ५० हजारांपर्यंत सूट आहे, इथं नाही. टेम्पोत चाळीस नग असले तरी चलन, ई-वे बिल आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरचं भाडं तेवढंच. रोज थोडा थोडा माल हवा म्हणणारी शिरोलीची पार्टी आणि बेळगावजवळच्या होनग्याची पार्टी यांना एकच रेट लावणं हा हिशेब नव्हे.

तिसरी उधारी. तुम्ही ७५ दिवस लिहिलेत. ३० वर आणले तर १२ टक्क्यांनी नगाला ६८ पैसे वाचतात. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करारातसुद्धा ४५ दिवसांच्या वर मुदत चालत नाही, करार नसेल तर १५. उशीर झाला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराचा नियम असा की सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च पार्टीला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. यावरून भांडायला जाऊ नका. उद्यम नंबर प्रत्येक बिलावर ठळक छापा. मार्चमध्ये त्यांचा सीए स्वतःच पर्चेसवाल्याला फोन करतो. एवढं मात्र खरं की काही पार्ट्या या कटकटीनं मोठ्या शॉपकडे वळतात. एकाच पार्टीवर अर्धं शॉप चालत असेल तर हा मुद्दा शेवटी काढा.

या तीन गोष्टी मिळाल्या तर पुरी किंमत ५७ वरून पन्नासच्या थोडी वर येते. आणखी एक चौथी गोष्ट रेटमध्ये दिसत नाही पण पीओवर (पर्चेस ऑर्डरवर) लिहून घ्या: कास्टिंगमधला ब्लो होल (हवेची पोकळी) मशिनिंगनंतर उघडा पडला, म्हणजे सीआर, तर तोवरच्या मशिनिंगचे पैसे मिळणार की नाही. फाउंड्री कास्टिंग बदलून देते, तुमची सात मिनिटं कोणी बदलून देत नाही. हे लिहिलेलं नसलं की होलमध्ये मेटलची पुट्टी भरून, घासून, ऑइल लावून माल पाठवायचा मोह होतो. ते करू नका. पंपाच्या फ्लँजला पाणी लागतं, पुट्टी सुटते आणि तो नग शेतातल्या विहिरीवरून परत येतो.

आता दोन टक्के. हा प्रश्न बहुतेक जण ‘सगळेच देतात’ म्हणून मिटवतात. नीतीचं बाजूला ठेवून नुसता हिशेब बघा. २ टक्के म्हणजे ९२ पैसे, उरणाऱ्या सातांतले. पण खरा तोटा तिथं नाही. ज्या दिवशी तुम्ही ते देता त्या दिवसापासून तुमची ऑर्डर तुमच्या एमआरच्या कागदावर राहत नाही, त्या माणसाच्या खुर्चीवर राहते. तीन टक्के देणारा आला किंवा त्याची बदली झाली की तुमचं काम जातं, आणि क्वालिटीत उजवे असूनही तुम्हाला तक्रार करायला तोंड राहत नाही. शिवाय तुमच्या मालात काही बिघडलं तर तो गप्प बसवतो, आणि तुम्हाला चूक कळतच नाही. उपाय सोपा आहे: तेच २ टक्के बिलावर द्या. ‘१५ दिवसांत पेमेंट आल्यास २ टक्के कॅश डिस्काउंट’ अशी ओळ कोटेशनमध्ये घाला आणि कोटेशन पर्चेसबरोबर अकाउंट्सलाही पाठवा. कंपनीचा फायदा अकाउंट्सला दिसतो, आणि तुमचे पैसे साठ दिवस आधी येतात. तरीही तो माणूस अडवतच राहिला तर ती पार्टी त्याच्या बदलीपर्यंत तुमची नाही असं समजून तास दुसरीकडे भरा.

चुकीच्या बाबतीत एकच सांगतो. बोअरिंगची इन्सर्ट झिजत जाते तसा बोअर लहान होत जातो. ऑपरेटरनं ऑफसेट द्यायचा राहिला आणि चाळीस नग ८-१० मायक्रॉन कमी जाऊन निघूनही गेले, असं संध्याकाळी गेजवर कळलं तर त्याच संध्याकाळी फोन करा. चलन नंबर, कितव्या नगापासून शंका, किती नग, आणि उद्या सकाळी तुमचा माणूस गेज घेऊन तिथं येऊन सॉर्ट करेल, एवढं सांगा. असेंब्लीला जायच्या आधी कळलं तर होनिंग मारून (बोअर आतून घासून) नग वाचतात. नंतर कळलं तर अख्खा पंप उघडावा लागतो आणि डेबिट नोट पंपाची येते.

तातडीच्या कामांचंही तुम्ही जाता जाता विचारलंय. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की रात्री अकराला शाफ्ट घेऊन माणूस दारात उभा असतो. मिल बंद आहे, तो मागाल ते देईल. किती मागावं? माझं मत, रेट त्याच्या अडचणीवर ठरवू नये, आपल्या मोडतोडीवर ठरवावा: चालू सेटिंग उतरवणं, परत चढवणं, रात्रीचा ओव्हरटाइम, दुसऱ्या पार्टीचा उशीर. त्याची बेरीज करून आधीच कार्डावर छापून ठेवा, उदाहरणार्थ २४ तासांत हवं तर पावणेदोन पट, तीन दिवसांत सव्वापट. चेहरा बघून रेट सांगितला की हंगाम संपल्यावर तो माणूस सगळ्या तालुक्यात सांगत फिरतो. छापलेल्या पावणेदोन पटीबद्दल कोणी कुरकुरत नाही.

ऑपरेटरांकडे येतो. ‘मालक मशीनवर उभा पाहिजे’ हे आपल्याकडचं जुनं वाक्य. सुरुवातीला बरोबर, तीन मशीनवर घातक. तुमच्या शॉपमध्ये प्रत्येक सेटिंग तुम्हीच करता असं दिसतंय. मग तुम्ही कोटेशन करायला बसलात की मशीन उभं, आणि पाच वर्षं काम केलेला पोरगा बटन दाबणाराच राहतो. तो दोन हजारांसाठी गेला असं वाटतं. बरेचदा तो सेटर व्हायला गेलेला असतो.

प्रत्येक भागाची एक सेटिंग शीट करा, मराठीत आणि कन्नडमध्ये, मशीनला लटकवून. जॉचा नंबर, चकचं प्रेशर, कोणत्या टर्रेट पोझिशनला कोणतं टूल, किती नगांनी कोपरा फिरवायचा, किती नगांनी गेज लावायचं, पहिला नग कोण पास करणार. चकचं प्रेशर वगळू नका. पातळ फ्लँज जास्त प्रेशरनं दाबला जातो, मशीनवर बोअर गोल दाखवतो आणि सोडल्यावर तिकोनी होतो. मग दोघांपैकी एकाला सेटर करा आणि पहिले दोन महिने त्याच्या सेटिंगला तुमच्यापेक्षा जास्त वेळ लागेल तो सहन करा. नगावर पैसे देऊ नका. नगावर दिले की गेज लावणं बंद होतं. चांगल्या नगांवर आणि सेटिंगच्या वेळेवर महिन्याला ठरावीक इन्सेंटिव्ह ठेवा. आणि इन्सर्टच्या कोपऱ्याचे ६५ रुपये, कास्टिंगचे २५० रुपये हे आकडे भिंतीवर लावा. ऑपरेटरपासून खर्च लपवायची आपली सवय आहे, ‘कळलं तर पगार मागतील’ म्हणून. पण ज्याला ६५ रुपये माहीत आहेत तो कोपरा साठऐवजी पन्नास नगांना फिरवून २५० वाचवायचा हिशेब स्वतः करतो. माहीत नसलेला कोपरा तुटेपर्यंत चालवतो आणि तुम्ही त्याला काटकसरी समजता.

आता तुमचं उत्तर. आठ टक्के देऊ नका आणि पार्टी लगेच सोडूही नका. पार्टीला कागदावर द्या: पुढच्या ८ आठवड्यांपर्यंत ४६ कायम. त्यानंतर ६०० ची बॅच, अडीच मिलिमीटर अलाउन्स आणि ३० दिवस पेमेंट असेल तर ५२. यातलं काहीच नसेल तर ५७. बोलाचालीत ५० पर्यंत उतरा, तिथं तुमचा पगार आणि झीज जवळजवळ निघते, त्याखाली नको. बरोबर एमआरचा कागद आणि ते दोन तोललेले नग.

या आठ आठवड्यांत तासाला २९४ च्या वरचं काम शोधा. १२०० नगांना महिन्याला १५० तास लागतात, म्हणजे एका मशीनचा जवळजवळ अर्धा महिना. तो एकदम रिकामा झाला तर वडिलांचं म्हणणं खरं ठरेल, म्हणून टप्प्यानं: आधी ५० तासांचं ग्लँडसारखं काम धरा, मग आणखी ५०. हुबळी-धारवाडकडच्या व्हॉल्व्हवाल्यांकडेही एकदा सॅम्पल घेऊन जा. निदान ई-वे बिलाची राज्याबाहेरची कटकट तरी नाही. पार्टी ५० ला आली तर उत्तम. नाही आली आणि तोवर शंभर तास भरलेले असतील, तर उरलेल्या तासांपुरते फ्लँज ४६ नेच करा, मुदत लिहून. मच्छेतल्या माणसाला ४२ ला बाराशेच्या बाराशे करू देत. त्याच्या मशीनचं कर्ज फिटलंय का, एवढं मात्र विचारून ठेवा.